फुकटची आग

माय स्वयंपाकाला कधी बसली नाही. उभीच राहायची, आणि तीही लाकडी पाटावर. पोलाद कारखान्यानं दिलेल्या आमच्या क्वार्टरचा ओटा सिमेंटचा, खालची फरशी सदा ओली, आणि ओट्यावर उघड्या स्प्रिंगचा हिटर. ओल्या पायानं जमिनीवर उभं राहून गंजाला, म्हणजे पातेल्याला, हात लावला की करंट बसलाच म्हणून समजा. क्वार्टरांच्या लाइनीतली एकूण एक बाई कधी ना कधी झटका खाऊन मागच्या भिंतीवर आदळलेली होती, आणि ते सांगताना त्या खो खो हसायच्या. कुणाकडे पाहुणी आली आणि मदत करायला म्हणून आत शिरली, तर आधी तिच्या पायाखाली पाट सरकवायचा, मग बाकीच्या गोष्टी. ही आमच्याकडची रीत. गावाकडे, भंडाऱ्याच्या अंगाला, पाट जेवायला बसायला असतो हे मला फार उशिरा कळलं.

हा हिटर काय प्रकार होता ते आता माझ्या नातवंडांना समजावून सांगावं लागतं. भाजलेल्या मातीची गोल प्लेट, तिच्यात वळणं घेत गेलेली खाच, खाचेत बसवलेली तारेची स्प्रिंग आणि खाली पत्र्याचे पाय. बटन दाबलं की स्प्रिंग तांबूस व्हायची, मग लालभडक, आणि बारीक घूं असा आवाज सुरू व्हायचा. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, आंघोळीचं पाणी, भरताचं वांगं, सगळं त्याच्यावर. पोळ्या फुगवायला लोखंडी जाळी. पेज उतू गेली की चर्र व्हायचं आणि जळक्या भाताचा वास पुढच्या ब्लॉकपर्यंत जायचा. स्प्रिंग तुटली की माय दोन्ही टोकं ओढून एकमेकांत पिळायची आणि पुन्हा खाचेत बसवायची. गार झाली की स्प्रिंग तुटते, असा सगळ्यांचा पक्का समज, म्हणून हिटर बंदच करायचा नाही. सकाळी लावलेला हिटर रात्रीची जेवणं आटोपेपर्यंत जळत राही, वर गंज असो की नसो. मीटर होतं कुठं? बाबाच्या पगारातून जे कापायचं ते कापून जाई, मग तुम्ही एक दिवा जाळा की दहा. आमच्या संडासातला बल्ब मी कधी विझलेला पाहिला नाही.

आणि तिकडे रिसालीत माझी यमू मावशी, मायची धाकटी बहीण, संध्याकाळी चिमणीची वात खाली करून बसायची, रॉकेल वाचावं म्हणून. रिसाली तेव्हा खेडंच होतं. मावशीची चूल शेणाच्या गोवऱ्यांवर चाले, तिकडे त्यांना छेना म्हणतात. तिच्या लुगड्याला, केसांना, तिनं आणलेल्या बोरांनासुद्धा धुराचा वास. आमच्या क्वार्टरपासून तिचं घर सायकलीवर अर्ध्या तासाच्याही आतलं, पण आमच्या घरी दिवसा दिवे जळत आणि तिच्या घरी रात्रीसुद्धा नाही. आज मी त्याच रिसालीत राहते बरं का. मुलानं घर बांधलं, तीन खोल्यांत एसी, गच्चीवर सोलरच्या पाट्या, आणि आज किती युनिट जळले ते तो जेवताना मोबाइलवर पाहतो. सूनबाई इंडक्शनवर दूध तापवते; त्याच्यात आग दिसतच नाही, त्यामुळे माझा अजून भरवसा बसत नाही. आमच्या त्या जुन्या क्वार्टरांना आता मीटर लागले, आणि तिथले लोक पंखा एकच लावून सगळे एका खोलीत झोपतात म्हणे. कुठं जास्त जळते आणि कुठं कमी, ते असं उलटंपालटं होऊन गेलं.

आता बाबाबद्दल. लिहिताना मी त्याला अरेतुरेच करणार आहे. तोंडावर 'तुमी' म्हणत होते, पण मनात कधीच म्हटलं नाही, आणि या वयात मी कुणाला भीत नाही. बाबा प्लांटात क्रेन चालवायचा. खाली रसरसलेलं लोखंड, वर पत्र्याच्या केबिनमध्ये हा, पाळीभर त्या धगीत. लोक म्हणायचे, फार शांत माणूस. असेल. तिथली सगळी शांतता तो तिथंच ठेवून यायचा. सायकल स्टँडवर लावल्याचा खटकन आवाज आला की मायचा हात गंजावर जिथं असेल तिथं थांबायचा, आणि त्याच्या पावलांवरून ती ओळखायची आज कसं आहे ते. वरण गार असलं की मार. वरण गरम असून जीभ पोळली तरी मार. भात मोकळा झाला, का गं मोकळा. आसट झाला, का गं आसट. लाथ, बुक्की, सांडशी, पट्टा, हाताला येईल ते. एकदा त्यानं तिला केसाला धरून ओट्याच्या कडेवर आपटलं. तिच्या भुवईतून रक्त गंजात पडलं, तरी तो ताटावरून उठला नाही; दुसऱ्या गंजातलं वाढ म्हणाला.

मारायच्या आधी तो रेडिओ लावायचा. मोठ्यानं, पार शेवटपर्यंत कान पिळून. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. पण झालं असं की लाइनीतल्या सगळ्यांना तीच खूण झाली. भरदुपारी आमचा रेडिओ गर्जायला लागला की शेजारपाजारची दारं लागायची. फक्त बाजूच्या क्वार्टरमधली लक्ष्मीअम्मा, आंध्राकडची धिप्पाड बाई, आपल्या अंगणात येऊन उभी राही आणि रेडिओ बंद होईपर्यंत आत जात नसे. दुसऱ्या दिवशी मायला ओव्याचं तेल आणून द्यायची. बाकीच्या बाया नळावर भेटल्या की मायच्या सुजलेल्या तोंडाकडे बघून विचारायच्या, कशानं लागलं वहिनी. माय म्हणायची, घरोघरी मातीच्या चुली. मला त्या म्हणीचा असा संताप यायचा! कुणाच्याच घरी चूल नव्हती त्या लाइनीत, आणि लक्ष्मीअम्माचा नवरा तर तिला साधं अगंतुगं करत नव्हता.

या फुकटच्या विजेचा बाबाला मोठा तोरा. रविवारी यमू मावशी रिसालीहून हरभरे, वाल, कधी तांदूळ असं आठवड्याचं शिजवायला घेऊन यायची, म्हणजे तिच्या गोवऱ्या वाचत. बाबा बाहेर खुर्ची टाकून बसायचा आणि तिला म्हणायचा, शिजव वं साळीबाई, पाहिजे तेवढं शिजव, तुह्या भाऊजीच्या घरी काही कमी नाई. तिच्यासमोर असा दिलदार. मावशी पण जिभेची तिखट. भाताचा घास घेऊन म्हणायची की तुमच्या विजेच्या भाताले वासच नाई, आमच्या छेन्यावरचा कसा घमघमते. सगळे हसायचे. संध्याकाळी ती डोक्यावर टोपली घेऊन कोपऱ्यावर वळली की रेडिओ. माहेरच्यांना पोसते म्हणून. म्हणजे वीज त्याची नाही, हरभरे मावशीचे, रांधणारी माय, आणि पोसणारा हा! आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

आता चेकिंगचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. हिटर लावायला मनाई होती. घराघरातून हिटर जळायला लागले की जुन्या तारा तापत, फ्यूज उडे, ब्लॉकच्या ब्लॉक अंधारात जाई. म्हणून बिजलीवाल्यांची जीप अधूनमधून यायची, घरात शिरून हिटर उचलून न्यायची, आणि नाव लिहून साहेबाकडे पाठवायची. जीप लाइनीच्या तोंडाशी दिसली की पोरं ओरडत पळायची, चेकिंग आली, चेकिंग आली. मग जी धांदल उडे! धगधगता हिटर लपवायचा कुठं? कुणी कोंबड्यांच्या खुराड्यात, कुणी माठाच्या मागं, एकीनं तर गॅलरीतून दोरीनं खाली सोडला होता. घरात जळका वास, ओट्यावर अर्धकच्चा भात, आणि दारात बाई पदर सावरत सांगणार, नाही हो भैया, आमच्याकडे स्टोव्ह आहे. त्यांनाही सगळं माहीत असायचं. मिळाला तर न्यायचे, नाही तर पुढे.

एकदा अशीच चेकिंग आली आणि मायनं हिटर मागच्या अंगणातल्या पाण्याच्या हौदात टाकला. गरम प्लेट गार पाण्यात. फट्ट असा आवाज झाला, प्लेटचे तुकडे झाले. जीपवाल्यांना काही सापडलं नाही, माय खूश होती, मला म्हणाली वाचलो वं बाई. बाबा आला, त्यानं ते तुकडे पाहिले. त्यानं रेडिओ लावला. त्या दिवशी त्यानं तिला इतकं मारलं की तिला बसता येईना, आडवं होता येईना. रात्रभर भिंतीला हात टेकून उभी राहिली. डाव्या बाजूच्या बरगडीत काही तरी मोडलं होतं, ते जन्मभर श्वास घेताना दुखलं. मी कोपऱ्यात उकिडवी बसले होते. जाता जाता तो तिच्या तोंडाशी बोट नेऊन म्हणाला, "पुन्हा प्लेट फुटली, तं तुयं डोकं त्याच वट्यावर फोडीन." आणि मला म्हणाला, रेडिओ बंद कर. बाजारात अशा प्लेटा ढिगानं मिळायच्या. मी पुष्कळ विचार केला आयुष्यात, की त्याला एवढा राग कशाचा होता. ज्याला मारायचंच आहे त्याला निमित्ताची काय वाण?

पुढची चेकिंग आली ती थंडीत. बाबा नाइट करून आला होता आणि आतल्या खोलीत रजई डोक्यावरून घेऊन झोपला होता. माझी शाळा दुपारची. मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसून वेणी घालत होते. माय पाटावर उभी. हिटरवर मोठा गंज, बाबाच्या आंघोळीचं पाणी, कारण उठल्याबरोबर कढत पाणी लागायचं त्याला. पाणी खळखळत होतं. तेवढ्यात बाहेरून पोरं ओरडली. मी खिडकीतून पाहिलं तर जीप लाइनीच्या तोंडाशी नव्हतीच, सरळ लक्ष्मीअम्माच्या दारात थांबली होती. पळायला वेळच नाही.

मायनं गंज दोन फडक्यांनी उतरवून ओट्याखाली ठेवला. वायर उपसली. हिटर फडक्यात धरून मागच्या दाराकडे दोन पावलं गेली, हौदाकडे, आणि थांबली. तिचं तोंड मी पाहिलं. हौदात टाकला तर फुटणार. ती वळली, बाहेरच्या खोलीत आली, मला दिवाणावरून हातानं बाजूला लोटलं, फळी उचलली. आमच्या दिवाणाच्या पोटात जादाच्या रजया ठेवलेल्या असत, गावाहून कापूस आणून भरलेल्या. तिनं तो लाल हिटर त्या रजयांवर ठेवला, फळी टाकली, वरची चादर सारखी केली आणि चादरीवर बसली. मांडीवर हात ठेवून, फोटो काढायला बसतात तशी. मला बोटानं खुणावलं, गप.

जीपवाला आत आला तो वयस्कर माणूस होता, चष्मा लावलेला, बरोबर एक लाइनमन. त्यानं ओटा पाहिला, लोंबती वायर पाहिली, हसला. माय हिंदीत म्हणाली की आमच्याकडे नाही. आवाज अगदी साधा होता तिचा. तो वळलाही होता जायला. मग त्यानं नाक वर केलं. मलाही वास आला, कापसाचा, गोड आणि कडू. मायच्या दोन्ही बाजूंनी फळीच्या फटींतून धुराच्या दोऱ्या निघत होत्या. तो म्हणाला, "बहनजी, उठिए. आग लगी है." माय उठली नाही. तो पुन्हा म्हणाला. ती त्याच्याकडे बघत नव्हतीच. ती आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होती, जिथं बाबा घोरत होता. धूर तिच्या पदराभोवती आला, ती खोकली, तरी फळीवर दोन्ही हात दाबून बसली. मी माय माय करत तिचा हात ओढला तर तिनं मला झिडकारलं. खालून फळी तापत होती, तिच्या मांड्या भाजत होत्या, आणि ती बसून होती. जगातल्या कुठल्याही आगीपेक्षा तिला त्या आतल्या खोलीची भीती जास्त होती.

मग फळीच्या कडेनं जाळ वर आला आणि तिची साडी पेटली. तेव्हाच्या त्या नायलॉनच्या साड्या, पेटायच्या आणि अंगाला चिकटायच्या. चष्मेवाल्यानं तिला काखेत हात घालून ओढलं, लाइनमननं दारातली पोती तिच्यावर टाकली. आणि ही बाई काय करते? त्यांच्या हातातून सुटून परत दिवाणाकडे गेली आणि जळत्या रजया दोन्ही हातांनी बाहेर ओढायला लागली. तळाशी हिटर होता ना. लक्ष्मीअम्मा बादली घेऊन आली, मायवर पाणी ओतलं, दिवाणावर ओतलं, पुन्हा भरून आणली. खोलीत धूर, वाफ, काळं पाणी. दारात लाइनीतली सगळी माणसं. माय फरशीवर पडली होती आणि तिच्या तोंडून एक बारीक सूर निघत होता, रडणं नाही, ओरडणं नाही.

तेव्हा बाबा उठून आला.

त्यानं सगळं एकदा पाहिलं. दिवाण, रजया, बिजलीवाले, दारातली माणसं. वाकून काळ्या पाण्यातून हिटर उचलला. प्लेट त्याच्या हातातच दुभंगली. अर्धी हातात राहिली, अर्धी खाली पडली. त्यानं हातातली भिंतीवर फेकली आणि पडलेल्या मायच्या पोटात लाथ घातली. लोकांसमोर, रेडिओ न लावता. दुसरी लाथ. नाक कापलं म्हणाला, साऱ्या प्लांटात नाक कापलं. लाइनमन पुढे झाला तर त्याला असा धक्का दिला की तो चष्मेवाल्यावर जाऊन पडला. लक्ष्मीअम्मा मध्ये आली, तिला कोपरानं बाजूला सारलं. दारातले लोक एकही पाऊल आत आले नाहीत. त्यांना आत यायला उंबरठा तेवढा होता, पण आले नाहीत. बाबानं ओट्यापाशी जाऊन मायचा पाट उचलला आणि तिच्या पाठीत मारला. लाकडाचा हाडावर जो आवाज होतो तो मी त्या दिवशी ऐकला. त्यानं पाट पुन्हा वर उचलला, या वेळी डोक्यावर.

धुरात मागं सरकत मी ओट्याजवळ पोचले होते. गंज ओट्याखाली होता, वाफा निघत होत्या. मी विचार केला असं म्हणणार नाही, आणि विचार केला नाही असंही म्हणणार नाही. मी शाळेचा स्कर्ट दोन्ही मुठींत धरून गंजाच्या काठाला लावला, उचलला, तसाच बाहेरच्या खोलीत नेला आणि बाबाच्या पायांवर ओतला. सगळा. गुडघ्यापासून खाली.

माझा बाप एवढ्या मोठ्यानं ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. पाट हातातून सुटला. तो माझ्याकडे वळायला गेला, पाय टेकला, आणि कोसळला. पायाची कातडी मोज्यासारखी सरकली. मी रिकामा गंज हातात धरून तिथंच उभी राहिले. तो उठला असता तर मी त्याच गंजानं त्याला हाणलं असतं. पस्तावा? नाही बा. तेव्हा झाला नाही, आता कशाला होईल. माझ्या तळहातांवर गंजाच्या काठाचे दोन पांढरे पट्टे अजून आहेत, आणि सूनबाई विचारते तेव्हा मी खरं काय ते सांगते.

ज्या जीपला लाइनीतल्या बाया एवढ्या भ्यायच्या, त्याच जीपमधून चष्मेवाल्यानं दोघांना दवाखान्यात नेलं. मागच्या बाजूला एका बाकावर माय पालथी, दुसऱ्यावर बाबा, मध्ये मी आणि लक्ष्मीअम्मा, आणि आमच्या पायांशी त्या दिवशी जप्त केलेले हिटर खळखळत होते. वळण आलं की एखादा घसरत बाबाच्या पायाला लागायचा आणि तो किंचाळायचा. दवाखान्यात तिला बायांच्या वॉर्डात ठेवलं, त्याला पुरुषांच्या. पोलीस येऊन विचारून गेला. मायनं सांगितलं, आग माझ्या हातानं लागली, जे खरंच होतं. पाठीवरच्या वळांचं विचारलं तर म्हणाली, नवऱ्याले विचारा. बाबानं सांगितलं, पाणी हातून सांडलं. पोलीस माझ्याकडे बराच वेळ बघत होता, मग वही मिटून गेला.

यमू मावशी आमच्या क्वार्टरमध्ये येऊन राहिली. तिनं मागच्या अंगणात तीन विटा मांडून छेना पेटवला, तर वरच्या मजल्यावरची बाई धुरानं पडदे काळे होतात म्हणून भांडायला आली. आठवडाभर कुजबुज झाली, मग लक्ष्मीअम्मानं आपला जुना हिटर आणून ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, बच्ची को स्कूल जाना है, जल्दी पकाओ. मी सकाळी दोन डबे करायची. एक मायचा, एक बाबाचा. मायला मी भरवायची, कारण तिचे हात बांधलेले. ती पालथी पडून घास घ्यायची आणि मला विचारायची, मीठ बरोबर पडलं का गं शकू. बाबाचा डबा मी खाटेच्या कडेला ठेवून मागं सरकून उभी राहायची. तो खायचा. माझ्याकडे पाहायचा नाही. प्लांटातले सोबती भेटायला आले की त्यांच्याशी हसून बोलायचा. एका दिवशी डबा परत देताना त्यानं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाला, "मले घरी येऊ दे. मंग दोघीईले पाहातो."

मी हे मायला सांगितलं. ती उशीत तोंड घालून पडली होती, तशीच राहिली. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, ऐकलं. मावशी मात्र त्याच दिवसापासून मागं लागली. तिच्या घरात एकच खोली, मातीची, पावसात गळणारी, नवरा हमालीवर जाणारा, पण तिनं एका शब्दानं ते मध्ये आणलं नाही. रोज मायच्या कानाशी बसून तेच, "चाल वं बाई रिसालीले. अंधार हाये, पण मार नाई." मी त्या अंधाराची स्वप्नं पाहायला लागले होते. चिमणीच्या उजेडात अभ्यास करीन, धूर खाईन, छेना थापीन, शाळा सुटली तरी चालेल. फक्त तो सायकलीचा खटकन आवाज नको. रात्री मला घाम फुटायचा, की माय बरी होईल आणि सवयीनं घरी जाईल. बाया जातातच. माहेरी गेलेली आणि परत न आलेली बाई आमच्या लाइनीत मी एकही पाहिली नव्हती.

मायला सुटी मिळाली त्या दिवशी मावशी सकाळीच टोपली आणि स्वच्छ लुगडं घेऊन आली. तिनं मायला लुगडं नेसवलं, कारण हातांची बोटं अजून मिटत नव्हती. आम्ही तिघी दवाखान्याच्या फाटकापाशी आलो. माय दोन्ही बाजूंनी आम्हाला धरून, पाय फाकवून, हळूहळू. आणि फाटकाबाहेर सायकल रिक्षा उभी. रिक्षात बाबा. त्याला आधीच सोडलं होतं. पाय पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले, मांडीवर काठी आडवी. काठी चालायला होती, पण मी त्या काठीकडेच पाहत राहिले. तो म्हणाला, चाल. मायला नाही, दोघींना मिळून म्हणाला, पण डोळे माझ्यावर. मावशीनं मायचा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, ती माह्यासंगं येते भाऊजी.

मायनं मावशीचा हात सोडवला. हळूच, बांधलेल्या हातानं ढकलून. मला तिचा असा राग आला, असा राग आला की मी तिथंच रस्त्यावर बसून बोंब मारली असती. ती एकटी रिक्षापर्यंत चालत गेली. रिक्षाच्या दांडीला तिनं बांधलेला हात टेकवला. बाबाच्या तोंडाकडे तिनं सरळ पाहिलं. मी तिला तसं पाहताना आधी कधी बघितलं नव्हतं. रिक्षावाला, फाटकावरचा चौकीदार, मावशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली.

"घर माह्यं पण हाये, म्हणून येते. हात उचलाचा असन तं आता उचला, इथं, या लोकाईसमोर. घरी उचलान तं घरी शकू हाये." थोडा श्वास घेतला तिनं, बरगडी दुखत असावी. "अन् आपल्या घरी पाणी लवकर तापते."

बाबानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे खाली केले नाहीत. मग त्यानं काठी मांडीवरून काढून पायाशी ठेवली आणि रिक्षात बाजूला सरकला.